खालून मोजताना

सायमी, बंदूक आधी खाली ठेव.
रिकामी आहे ना? पुन्हा बघ.
मला दाखवू नकोस, तूच बघ,
वर मी नसणार.

पहाटेचे साडेपाच.
लेक सुपीरियरवरून आलेला वारा झाडांच्या शेंड्यांत शिरलाय
आणि मी लाकूडतोड्यांच्या जुन्या रस्त्यावर, चाकांच्या खुर्चीत,
मांडीवर थर्मास, तुझा दोर, तुझे हातमोजे.
नव्या शिडीला अठरा पायऱ्या.
जुनं मचाण पलीकडच्या मेपलवर होतं,
त्याच्या सालीवर पट्ट्याचा वळ अजून आहे.

चौदा फूट.
लहानपणी आम्ही सौनाच्या छपरावरून बर्फात उड्या मारायचो,
त्याहून थोडंसंच जास्त.

लोक विचारतात, अस्वल होतं का? कुणाची गोळी?
गोष्ट ऐकायला आलेले असतात बिचारे.
काय सांगू?
एक पट्टा होता. तीन हिवाळे झाडावरच राहिलेला,
उन्हानं विरलेला, खारीनं कुरतडलेला.
मी त्याच्यावर भार टाकला.
त्यानं तो घेतला नाही.

आणि अंगात घालायचा तो दुसरा पट्टा,
खांद्यांवरून, मांड्यांतून जाणारा, झाडाला बांधून ठेवणारा,
तो ट्रकमध्ये होता, सीटमागे,
तुझ्या आईनं दिलेला,
किमतीची चिठ्ठीसुद्धा काढली नव्हती.

कुठल्या झाडावर चाललोय ते घरी सांगितलं नव्हतं.
चांगली जागा आमच्यात सख्ख्या भावालाही सांगत नाहीत.
रेनो नीमीला मी सापडलो दुपारी एकला,
तोही त्याच्या जखमी हरणाचं रक्त हुडकत आला म्हणून.
झुडपाआड काहीतरी धापा टाकतंय हे पाहून
आधी त्यानं बंदूकच उचलली होती.

काळ आला होता पण वेळ आली नव्हती, म्हणतात.
काळ-बिळ कुणी आलं नव्हतं, सायमी.
मी घाईत होतो.

म्हणून हे सगळं.
जमिनीवरच कडी अडकव, पाय उचलायच्या आधी.
दोरावरची गाठ तुझ्याबरोबर वर सरकव.
दोन पाय एक हात, दोन हात एक पाय,
तीन ठिकाणी तू शिडीची असलीच पाहिजेस.
सातव्या पायरीवर दंव आहे, मला इथून चमकताना दिसतंय.

"बाबा, हरणं ऐकतायत."
ऐकू देत. त्यांनाही कळू दे
की आज वर बसलेली मुलगी संध्याकाळी घरी जाणार आहे.

ती वर पोचते. दोर खाली येतो.
मी बंदूक बांधतो, नळी जमिनीकडे,
आणि खुर्ची मागे घेतो, बंदूक ओढताना खाली कुणी नको.
ती वर जाते, फिरत फिरत, फांदीला न लागता.
मग तिचं केशरी जाकीट अंधारात विझतं.

दिवसभर मी ट्रकमध्ये,
हीटर चालू, हीटर बंद.
शब्दकोडं अर्धं.
डुलकी लागली तर? तिला, म्हणजे. मला लागली तर मी कुठे पडणार?

चार वाजून दहा मिनिटांनी बार.
मग सुक्या पानांत काहीतरी जड पडल्याचा आवाज.

काहीतरी जड.

मी काच खाली करतो. वाऱ्याशिवाय काही नाही.
हाक मारायची नाही असं आमचं ठरलंय.
फोनवर अंगठा.
मग उंचावर तिच्या कपाळावरचा दिवा लागतो.
आधी बंदूक उतरते, दिसत नाही, पण दिवा खाली वाकून राहतो तेवढा वेळ.
मग दिवा उतरू लागतो, हिसक्या-हिसक्यानं,
अठरा, सतरा, सोळा,
सातवर थांबतो. थांबू दे.
सहा.

दिवा जमिनीला टेकतो
आणि माझ्याकडे चालू लागतो.

मी विचारतो, "लागलं का?"
"हो," ती हसून म्हणते, "आठ टोकांचा नर आहे, जागेवरच."

मी ते विचारलं नव्हतं.