ढील

बोर्ड आलं वर्तमानपत्रात गुंडाळून,
मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतून, स्कूटरच्या पायाशी उभं राहून.
मफतभाईंचं चेवड्याचं मशीन
कालपासून पाकिटं भरेना,
आणि दिवाळी तेरा दिवसांवर.
"बेन, थशे?"
बघते, म्हटलं. आधी एवढंच म्हणता येतं.

नकाशा नाही.
बनवणारी इटलीतली कंपनी कधीच बुडाली.
आयसींच्या पाठीवरचे नंबर
कुणी काचकागदाने घासून टाकलेत, नक्कल होऊ नये म्हणून.
सोळा पायांचे, वीस पायांचे काळे मुके किडे,
नाव विचारायची सोय नाही.

ब्रशने धुतलं. कापसावर हळद आली,
तळणाचा चिकटा, एक अख्खा तीळ.
रावपुऱ्यातल्या माझ्या टेबलावर लील्या चेवड्याचा वास.
भूक लागली.

शिर्केकाका म्हणायचे,
नकाशा नसेल तर जमिनीपासून सुरुवात कर.
आधी ग्राउंड. मग पाच व्होल्ट पोचतात का.
मग घड्याळ चालतंय का,
मग रिसेट कुणी दाबून तर धरलेलं नाही.
डोकं शेवटी लाव.
ते फार लवकर उत्तर देतं.

जमीन सापडली : कडेचं जाड तांबं,
टेकवू तिथे मीटर वाजला.
पाच व्होल्टांचे चार पूर्णांक नव्वद. चालेल.
क्रिस्टल थरथरतोय, पडद्यावर त्याची हिरवी रेघ.
रिसेट मोकळा.
म्हणजे मेंदू जागा आहे
आणि हात हलत नाही.
काकांचं शेवटचं वर्ष असंच गेलं.

बोर्ड खिडकीशी धरलं, उजेडावर.
हिरव्यातून वाटा दिसल्या.
एक इथून निघते, छिद्रातून पलीकडे उतरते,
तीन पायांशी थांबते, कुठेतरी हरवते.
कॅलेंडरच्या पाठीवर काढत गेले,
पेन्सिलीने, कारण अर्धं खोडावंच लागतं.
प्रत्येक चिपवर बोट टेकवलं, कोण तापलंय?
सगळ्या सारख्याच कोमट.
बारा वाजले, दीड वाजला.
खोट्या संशयाने एक आयसी उपटला,
तपासला, धडधाकट निघाला,
माफी न मागता परत बसवला.

आणि मग कोपऱ्यात, ती तार.
कंपनीची नव्हे. नंतरची.
पिवळी, बारीक, दोन्ही टाके स्वच्छ,
मध्ये बोटभर ढील.
काका ढील ठेवायचे.
ताण नको, म्हणायचे, उद्या कुणाला तरी उचलावी लागेल.
पण ढील ठेवणारे आणखीही असतील या शहरात.
टाक्यावर सही नसते.
मी फार विचार केला नाही.
केला.

ढील होती म्हणून चिमट्याने उचलता आली, न तोडता,
आणि तिच्या सावलीत, इतकी वर्षं झाकलेली,
गंजाने खाल्लेली वाट.
एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला सुई,
मीटर गप्प.
फट केसाएवढी.

मी माझी तार लावली. लाल,
पिवळी संपली होती.

संध्याकाळी मशीनने पहिलं पाकीट फुगवलं, रिकामंच.
दुसरं भरलं.
मफतभाईंनी बिल वाचलं, उलटून पाहिलं :
"एक वायरना साडा चार हजार?"
चार हजार आणि अर्धा किलो चेवड्यावर मिटलं.

कॅलेंडरचं पान ठेवलंय.
बोर्डाचा एक कोपरा, तेवढाच मला कळला.
बाकी कोरं,
मधे एक प्रश्नचिन्ह, खोडरबराचा डाग.

लाल तारेला ढील ठेवली होती.
जरा जास्तच झाली.
झाकण लावताना
दुमडून आत सारावी लागली.