इतिवृत्ताची वही

पहिल्या पानावर तारीख लिहिली आणि थांबलो.
बर्फाच्या कारखान्यात नोंदी ठेवतो मी एकोणीस वर्षं:
किती लाद्या, कुठली होडी, उधार की रोख.
पण अकरा माणसं बसली आणि कोणी उठून गेलं नाही,
हे कुठल्या रकान्यात?

सभा हसीना सारंगच्या ओसरीत.
तिच्या घराला तेव्हा दार नव्हतं.
दार आम्हीच नेलं होतं उचकटून, नऊ दिवसांपूर्वी,
विनायक पराडकरला फुरसं चावलं त्या रात्री.
ओहोटी. होडी चिखलात बसलेली.
अख्ख्या खाजणवाडीत माणूस आडवा न्यायला
त्या एका फळीखेरीज काही नाही.
चौघांनी मांडीभर चिखलातून खाडी ओलांडली.
दार दुसऱ्या दिवशी परत आलं.
विनायक नाही.

नऊ दिवस हसीनानं चौकटीला चादर लावली
आणि कोणालाच काही विचारलं नाही.

नावावरून दोन तास गेले.
कोणी म्हणालं नवजीवन, कोणी शिवशक्ती,
मुंबईला असतो त्या भाच्यानं फोनवरून फाउंडेशन सुचवलं.
पास्कू फर्नांडिस भिंतीला टेकून विडी वळत होता, म्हणाला,
"नाव मागसून. आधी शिट्टी घेवया."
मग बाबल तांडेल: "होडी माझी. पण डिझेल कोणाचा?"
यावर चर्चा झाली. ठराव झाला नाही.

दिगंबर पराडकर, विनायकचा धाकटा,
पायरीवरच बसला होता चपला हातात घेऊन.
निघताना वहीवर शंभराची नोट ठेवली,
पावती घेतली नाही.
मी फाडून ठेवली आहे. अजून वहीत आहे.

पहिला खर्च: बिजागऱ्या दोन, स्क्रू आठ.

दुसरा खर्च रबरी शिक्का.
कट्ट्यावरच्या पोरानं घाईत कोरला,
'रात्रसेवा मंडळ'चं 'रात्रमेवा मंडळ' झालं.
महिनाभर बाजारात लोक विचारत होते,
काय, करवंदं कितीला? फणसपोळी आहे का?
नवा शिक्का करायला साडेतीनशे.
आम्ही शिट्ट्या घेतल्या.

बाबलनं जुन्या जाळ्याची झोळी विणली,
दोन बाजूंना कळकाचे दांडे,
आणि तपासायला स्वतः आत झोपला.
चौघांनी उचलला तेव्हा खरंच घोरत होता.

वहीच्या मागच्या पानांवर मी यादी करत गेलो.
कोणाची झोप सावध.
कोणाला रात्री दिसत नाही पण हात भक्कम.
कोणाचा कुत्रा बांधलेला असतो, कोणाचा नाही.
तिथीप्रमाणे भरती-ओहोटी, हसीनाच्या अक्षरात,
तिच्या बापानं तिला बोटांवर मोजायला शिकवलेली.

मार्गशीर्षात देऊळवाडीची तिघं आली.
त्यांच्याशी पालखीच्या मानावरून
सात वर्षं बोलणं बंद.
उभ्याउभ्याच म्हणाली, "आमी पण काढतव एक मंडळ.
तुमचे नियम जरा दाखवा."
नियम आमच्याकडे नव्हतेच.
मी यादीची दोन पानं उतरवून दिली.
पास्कूनं विचारलं, शिक्कापण हवाय का?
ती हसली नाहीत. बसली मात्र.
चहा झाला, साखर कमी होती.

परवा मध्यरात्री तीन शिट्ट्या आल्या पलीकडून.
त्यांच्या शिट्टीतला दाणा पडलाय वाटतं,
आवाज नुसता वाऱ्यासारखा जातो.
मला वाटलं भास.
धक्क्यावर पोचलो तर दिगंबर आधीच पाण्यात,
झोळी खांद्यावर,
आणि त्या काठावर चार विजेऱ्या,
ज्यांची नावं मला वर्षानुवर्षं घ्यायची नव्हती.

सकाळी लिहिलं:
देऊळवाडीची बाई, पहिलटकरीण. मुलगी झाली, दवाखान्यात.
भरती होती. होडी चालली.
डिझेल दोन लिटर.
कोणाचं, ते अजून ठरलेलं नाही.