तिघांपैकी दोघांचं मत

फोंड्याला, वरच्या बाजारात, बेकरीच्या माडीवर
आम्ही तिघं यंत्राला बाईचा अपमान शिकवतो.
म्हणजे ओळखायला शिकवतो.
करायला ते आमच्याआधीच शिकून आलंय.

एका वाक्याला एक रुपया दहा पैसे.
हो, नाही, सांगता येत नाही.
तिसरं बटण फार वेळा दाबलं
तर पर्वरीहून फोन येतो.

शिव्या सोप्या. शिळा बांगडा मांजरालाही कळतो.

तरी काल त्याने इनासिनाला लाल केलं.
नाव झाकलेलं होतं,
पण ही भाषा अख्ख्या फोंड्यात एकाच म्हातारीची.
बोटीवरच्या भाच्याला लिहिलेलं:
"रांडेच्या, जेवलो मरे तूं?"
मी 'नाही' दाबलं. आग्नेलने 'नाही' दाबलं.
दत्तप्रसाद म्हणाला, शब्द तर आहेच ना.
शब्द आहेच.
कधीकाळी त्याचा अर्थ नुसता विधवा होता,
आणि इनासिना चाळीस वर्षं विधवा आहे,
हे कुठल्या रकान्यात लिहू?

दुपारी हे आलं:
"मॅडम छान बोलल्या. घरचं सगळं आवरून एवढं जमवतात, कौतुक आहे."
यंत्र म्हणालं, सभ्य. सत्त्याण्णव टक्के.
मी 'हो' दाबलं.
दोघंही वळून माझ्याकडे बघायला लागले.
चांगली माणसं आहेत,
आग्नेल तर रोज माझ्यासाठी गरम उंडो राखून ठेवतो.
"हातूंत वायट कितें गो?"

सांगायला गेले. एका वाक्यात बसेना.
सासऱ्यांचा स्वर आणावा लागला,
मुलाखतीतला शेवटचा प्रश्न,
आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांना फुलं द्यायला
आम्हा मुलींनाच का उभं करायचे, ऊन असलं तरी.
मध्येच भट्टीचा वास वर आला
आणि मलाच वाटलं, उगाच ताणतेय का मी.

दोन विरुद्ध एक.
माझं मत पुसलं नाही कुणी.
बाजूला ठेवलं,
'गोंधळ' नावाच्या फायलीत.

संध्याकाळी कदंबात कंडक्टर ओरडला,
"लेडीज आहे, जागा द्या कोणीतरी."
एक पोरगा उठला. पाय दुखत होते, बसले.
थँक्यूसुद्धा म्हटलं.
मग बांदोडा येईपर्यंत
मांडीवर बोट टेकवत राहिले,
तिसरं बटण असतं, त्या जागी.