सहाची गाडी

बांगीचाचांची फायनल एक्झिट लागली सोमवारची.
गुरुवारी रात्री डाळीत कुबूस बुडवताना म्हणाले,
दऱ्याप्पा, उद्या दम्मामला जाऊन येऊ.
नावात दर्या घेऊन फिरतोस
नि दर्या बघितला नायस.

नाव देवाचं आहे, मी म्हटलं.
आमच्या जतकडं दर्या म्हणजे
भूगोलाच्या नकाशातला निळा भाग,
जिथं परीक्षेत काही भरावं लागत नाही.

बावीस वर्षं ते हुफूफला.
समुद्र गाडीनं दीड तासावर.
एकदाही गेले नाहीत, हर्णैचा माणूस असून.
उपास असला की आपण
वडेवाल्याच्या रस्त्यानं जात नाही,
तसं काहीतरी असेल.

गाडी इतकी गार की चाचांनी कानाला रुमाल बांधला.
खिडकीबाहेर जुलै.
खजुरीच्या बागा संपल्या, वाळू लागली,
मग नुसतीच वाळू,
मग बुकैकच्या ज्वाळा, भर दिवसा,
कुणी दिवा मालवायला विसरल्यासारख्या.
समोर एक सुदानी कुटुंब. त्यातल्या पोरीनं
पोहायची ट्यूब घरूनच फुगवून आणलेली.
तिकीट तपासणारा आला तशी
तिनं ती पोटाशी ओढून घेतली.

दम्मामला उतरलो तर जुम्म्याची वेळ.
चाचा आत गेले. मी मशिदीच्या मागच्या सावलीत,
सात आउटडोअर युनिटांच्या गरम फुंकरीत.
तिसऱ्याचं बेअरिंग जातंय, ऐकू येत होतं.
महिनाभर काढेल फार तर.
सुट्टी होती, पान्हा नव्हता,
तरी हात खिशात गेला.

कॉर्निशवर कुणी नाही.
बाकं तापलेली. घसरगुंडीवरून ऊन घसरत होतं.
आणि पलीकडं तो.
मला वाटलं होतं, मोठा असेल.
मोठा असं नाही. संपत नव्हता, एवढंच.

चाचांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली,
तीन घड्या, नीट दाबून.
मीही दुमडली, जमेल तशी.
पाणी ऊन,
बाळंतिणीसाठी काढून ठेवल्यासारखं.
मी हसलो.
त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं.
मीठ जास्त हाय.
मग बराच वेळ नाक वर करून उभे राहिले.
वासच नाय ह्याला, दऱ्याप्पा.
वासच नाय.

मी हुंगलं. मला येत होता.
कसला, ते ठाऊक नव्हतं.
बोललो नाही.

उन्हं कलेपर्यंत एका दुकानात बसलो लबान पीत.
दुकानदार सिल्हेटकडचा.
चाचांनी विचारलं, तुझं गाव नदीवर?
तो म्हणाला, नदी आमच्या गावावर.
तेवढं मात्र चाचा हसले,
ठसका लागेपर्यंत.

सहाच्या गाडीसाठी निघालो
तेव्हा शहर समुद्राकडं यायला लागलं होतं.
खांद्यावर गालिचे, हातात थर्मास,
एका म्हातारीची चाकाची खुर्ची चार नातवंडं ढकलत होती
आणि ती त्यांना शिव्या देत होती, प्रेमानं.
सगळे तिकडं, आम्ही दोघं इकडं.
उन्हाळ्यात दर्या रात्रीचा उघडतो,
चाचा म्हणाले, दुकानासारखा.
आपली गाडी आधी सुटते.

परतताना ते झोपले. तोंड उघडं,
रुमाल कानाला तसाच.

सोमवारी सामान सात किलो जास्त भरलं.
इस्त्री, चादर आणि ती पँट माझ्याकडं राहिली.
आज धुवायला काढली
तर घड्या अजून तशाच. तीन.
उलगडल्या, चिमूटभर वाळू पडली फरशीवर.
किनाऱ्यावरची की इथलीच,
चाचांनी बघून सांगितलं असतं.

बोट ओलं केलं, टेकवलं, जिभेला लावलं.
खारट होती.
पण पँट
घामाचीही होती.