निधान

आधी बॅटरी. झाकण उघडून बघ,
या गाडीत उलटं आहे, प्लस बॉडीला.
तीच तार पहिली सोडायची,
पाना दुसरीकडं कुठं टेकू न देता.
मग हात धुऊन ये.

उद्यमबागेत शेजारच्या फाउंड्रीनं
दुपारचं ओतकाम सुरू केलंय, शेडचा पत्रा तापलाय.
आत एमजी, दोन माणसांपुरती,
कॅम्पातल्या मिनेझिस बाईंची,
नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं ताडपत्रीखाली.
बाई म्हणाल्या, रंग वाटेल तो द्या,
मीटरच्या तबकड्या मात्र घासू नका.

डॅशबोर्डखाली मी उताणा,
पाय दाराबाहेर, टॉर्च दातांत.
बाळेश, कित्तूरकडचा पोरगा, चिठ्ठ्या लिहितो.
मी आकडा सांगतो मराठीत, तो काढतो कन्नडमध्ये.
दोन, तीन, चार दोन्हीकडं जवळपास तसेच,
सातवर आम्ही अडतो.
सात नंबरची तार हिरवी होती की निळी
आता सांगता येत नाही,
कापडी आवरणाचा बोट लागताच भुगा होतो.

मागं पितळी पट्टी, खाचांचे दोन नट.
पक्कड नको, बोटांनी.
बल्बची होल्डरं नुसती ओढ,
पिकलं करवंद देठातून सुटावं तशी येतात.
तेलाच्या मीटरची नळी सोडताना खाली चिंधी धर,
साहेबांच्या वेळचं तेल अजून आत आहे,
काळं, चार थेंब.

आणि ही तांब्याची, शेवयीएवढी,
ही पाण्याच्या तापमानाची.
हिला कापायचं नाही, मोडायचं नाही,
रागातसुद्धा नाही.
आत इथर कोंडलंय, उडालं
की काटा कायमचा थंड.
आधी रेडिएटर रिकामा कर,
मग इंजिनाकडचं टोक सोड,
पत्र्याच्या भोकातून आत घे इंच इंच,
गुंडाळी भाकरीएवढी मोठी ठेव.

इथंच रुद्रप्पा म्हणायचे, निधान, निधान.
मी चौदाचा, येळ्ळूरहून सायकलनं यायचो,
कन्नड येत नव्हतं.
मला वाटलं, मास्तरांना ठाऊक आहे
या पत्र्यामागं काहीतरी पुरलेलं,
हंडा, मोहरा, निदान एखादी पुतळी.
आठवडाभर प्रत्येक गाडीत
कोपरापर्यंत हात घालून चाचपत होतो.
काय शोधूलास बे, लेथवाला म्हणाला,
आणि सांगितल्यावर चहा सांडेपर्यंत हसला.
अरे, निधान म्हणजे सावकाश.

स्पीडोमीटर शेवटी.
केबलचा नट सुटत नाही, सुटत नाही,
आणि मग असा सुटतो की हातात येतो.
तबकडीमागं कुंभारीण माशीचं घर,
तांबड्या मातीचं,
खानापूरच्या रस्त्याची असेल, नाहीतर याच अंगणातली.
पाच खोल्या. चार फुटलेल्या, एक बंद.

काढू काय, बाळेश विचारतो,
ब्लेड हातात.
मी टॉर्च तोंडातून काढतो
आणि त्याच्या भाषेत सांगतो. का माझ्या,
तेवढा विचार करायला वेळ नव्हता.

संध्याकाळी बाकावर जुन्या चादरीत
सगळे मीटर ओळीनं.
स्पीडोमीटर कशालाच जोडलेला नाही,
काटा वीस मैलांवर.
बाळेश काचेवर टिचकी मारतो,
काटा थरथरतो, परत वीसवर येऊन बसतो.

ताटलीत एक चिठ्ठी उरलीय, सातची,
मागची चिकटपट्टी अजून ओली.