रिकाम्या ओळी लपवा

टपालाची खिडकी पाचला बंद होते.
मग मी बँडच्या खोलीत येते, दिवा लावते,
टोरांटोच्या चुलतभावाने पाठवलेला लॅपटॉप उघडते
आणि 'नवीन' वर बोट ठेवते.

नवीन म्हणजे काय, ते प्रोग्रॅमने परस्पर ठरवलेलं :
एक पियानो. सी मेजर. चार-चार.
मिनिटाला एकशेवीस ठोके. कागद अमेरिकन मापाचा.
आमच्याकडे पियानो नाही.
साओ जॉर्ज बेटावर मला माहीत असलेला एकच, पाद्र्याकडे,
तो खालच्या अंगाने कुजलाय.
आणि अमेरिकन माप आमच्या प्रिंटरच्या घशात
दर वेळी माशाच्या काट्यासारखं अडकतं.

एका हिवाळ्यात जहाज तीन दिवस आलंच नाही,
वाटायला पत्रं नव्हती,
तेव्हा बसले आणि आमचं 'नवीन' बनवलं.

आधी कागद. वरचा समास दोन बोटं जास्त,
कारण चौकात आम्ही पानं
कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवतो
आणि इथला वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
युफोनियमचे ठिपके दीडपट : एर्मिनियूच्या मोतीबिंदूसाठी.
त्याचं ऑपरेशन झालं, तरी तसेच ठेवले.
लहान केले तर म्हणेल, मला काढताय का.
वेग अठ्ठ्याऐंशी. मोठा ढोल आमारूच्या पोटावर असतो
आणि देवळाची चढण आमारूच्या गुडघ्यांवर.

मग वाद्यांची नावं, वरून खाली.
इथे फसले.
हजेरीपट समोर घ्यायला हवा होता,
मी आठवणीतून लिहीत गेले.
सत्तावीस ओळी झाल्या.
खोलीत माणसं चौदा.

दुसरी बासरी म्हणजे इल्दा, ती फॉल रिव्हरला पडदे शिवते.
दुसरं हॉर्न लिस्बनला, फोन उचलत नाही.
तिसरा ट्रम्पेट ट्यूना धरायला गेला होता.
त्याचं वाद्य अजून कपाटात आहे,
त्याची आई ऑगस्टमध्ये येऊन पुसून जाते.

प्रोग्रॅम रिकामी ओळ रिकामी ठेवत नाही.
प्रत्येक रकान्यात एक विश्रांती टांगतो,
रेषेला खालून लटकलेली छोटी काळी वीट,
म्हणजे माणूस बसलाय जागेवर,
वाद्य मांडीवर,
आणि मोजतोय.

नवा बँडमास्तर वाल्टेर, वय चोवीस, म्हणाला :
देओलिंदा, या काढून टाक, पानं वाया जातात.
खरंच होतं त्याचं. शाईची डबी एकोणीस युरो.
मी तिसऱ्या ट्रम्पेटपर्यंत माउस नेला.
मग मेनूत अगदी तळाशी एक चौकट दिसली :
रिकाम्या ओळी लपवा.
लपवल्या. छापताना चौदाच निघतात.
वाल्टेरला वाटतं, काढल्या.

मे महिन्यात एक जर्मन बाई आली, गुरांची डॉक्टर,
फ्राउके नावाची, बुटांना शेण, काखेत लांबट पेटी.
ओबो, म्हणाली.
माझ्याकडे तेरा जागा तयार होत्या,
नावं घातलेल्या, झाडूनपुसून.
ओबोची नव्हती.
या गावाने कधी ओबो गमावलाच नव्हता.

पहिल्या रात्री तिला बासरीची ओळ वाचायला दिली.
वरच्या सुरांना ती लाल झाली, मी खिडकीबाहेर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बासऱ्यांच्या खाली, क्लॅरिनेटच्या वर
एक ओळ सरकवली.
खालचे सगळे, दिसणारे आणि न दिसणारे,
बाकावर सरकतात तसे सरकले.
'मूळ साचा म्हणून जतन करा' दाबलं.
प्रोग्रॅम विचारतो : जुना पुसला जाईल. चालेल?

एवढंसुद्धा कुणी विचारलं नव्हतं
इल्दा जहाजावर चढली तेव्हा.

हो म्हटलं.
लपलेल्या तेरा जागच्या जागी आहेत, मी दोनदा मोजल्या.
फ्राउके पाचव्या रकान्यात फार घाईने शिरते.
तिला आमारूच्या गुडघ्यांचं सांगायला हवं.