पहिलं अक्षर म्हणायचं नाही

पीटरहेडला, चर्चच्या मागच्या खोलीत,
गुरुवारी सात वाजता हीटर लागतो.
त्याआधीच माशांचा वास येऊन बसलेला असतो.
कारखान्यातून थेट आलेल्यांच्या बाह्यांना खवले असतात,
एखादा वहीवर गळतो
आणि चमकत राहतो, भलत्याच जागी पडलेल्या पूर्णविरामासारखा.
चहाचं माझ्याकडे असतं.

बुकनबाई फळ्यावर दोन अक्षरं काढतात,
डब्ल्यू आणि आर,
आणि ओठांवर बोट ठेवतात :
पहिलं म्हणायचं नाही. लिहायचं मात्र दर वेळी.

रिस्ट म्हणजे मनगट.
हेमिन आपलं वर करून दाखवतो,
दिवसभर हॅडॉक कापून सुजलेलं.
रिंकल म्हणजे सुरकुती.
झोर्याना हसते, पण लिहून घेत नाही.
रॅप, गुंडाळणं. रेसल, झोंबणं.
रेंच म्हणजे पाना, आणि मुरगळणं,
आणि निरोप घेताना छातीत येते ती कळ.
एकाच शब्दात तिन्ही?
हो, म्हणतात बाई, इंग्रजीत भांडी कमी, माणसं फार.
रीद म्हणजे फुलांचं चक्र.
हे सांगताना त्या खिडकीकडे बघतात. खिडकीत बंदर आहे.
जहाज फुटण्याचा शब्दही ह्याच अक्षरांचा,
तो त्या फळ्यावर घेत नाहीत.
तो इथे सगळ्यांना आधीच येतो.

बघा, ह्यातलं एकही सरळ उभं नाही,
प्रत्येकात काहीतरी वळतंय, पिळतंय.
आणि राइट? हेमिन विचारतो. लिहिताना काय वळतं?
बाई खडू खाली ठेवतात.
मनगट, म्हणतात.

मग वाक्यं लिहायची वेळ.
तिर्हास अंगठीच्या रिंगला पुढे डब्ल्यू लावते.
तिच्या वहीत मजकूर असा होतो :
त्रिपोलीत त्या माणसाला मी माझं पिळणं दिलं, मग त्याने बोटीत घेतलं.
बाईंचं लाल पेन वहीवर अधांतरी थांबतं.
टोपण लागतं.
असू दे, म्हणतात.

मी हे देवनागरीत लिहितेय,
तेव्हा तिची चूक तुम्हाला दिसणारच नाही.
अंगठीही रिंग, पिळणंही रिंग.
जो बोलत नाही त्याला आमच्या लिपीत
सहसा जागा मिळत नाही.

मग ठेवलंय कशाला ते? मागून कोणीतरी.
बाई जरा वेळ काहीच बोलत नाहीत. चहा निवतो.
माझे वडील होड्या बांधायचे, म्हणतात.
कारागिराला इंग्रजीत राइट. आमच्या गल्लीत व्रिख्ट.
चूक ती राँग नव्हती, व्रँग होती.
ते अक्षर बोलायचं, आमच्यापुरतं,
वरचे दात खालच्या ओठावर टेकवून.
शाळेत त्यासाठी चामड्याचा पट्टा होता.
हे बघा, इथे. दोन्ही हातांवर.
तळहात रिकामे आहेत, गुलाबी, सुरकुतलेले,
तरी सगळे वाकून बघतात.

म्हणा एकदा.
व्रँग, म्हणतो हेमिन, गळ्यातून.
व्रँग, म्हणते झोर्याना.
तिर्हास तीनदा म्हणते, दर वेळी जास्त मोठ्याने,
आणि खोलीतली सगळी माणसं
चूक हा शब्द हसत हसत चुकीचा उच्चारतात.
पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. तिथे असं चालणार नाही,
हेही बाई सांगतात, फळा पुसता पुसता.

कप विसळून मी घरी आले, कोश काढला.
माझ्या भाषेत व्र-चं पान शोधलं.
पान कसलं, चार बोटं जागा.
व्रण. व्रत. व्रात्य.
तिर्हासला सांगायला हवं, गुरुवारी.